दादाला उभं करण्यासाठी पीएचडी?

ताई, मी सांगली जिल्ह्यातल्या एका गावची. पुण्यात एमएस्सी बायोटेकच्या शेवटच्या वर्षाला आहे. तीन वर्षांपूर्वी माझा मोठा भाऊ गोठ्यावर पत्रे टाकताना पडला. मज्जारज्जूला डी-१० पातळीवर, म्हणजे पाठीच्या दहाव्या मणक्यापाशी, इजा झाली, डिस्चार्ज कार्डावर 'कम्प्लीट' लिहिलंय. कमरेखाली हालचाल नाही, स्पर्श कळत नाही. सुट्टीत घरी गेले की त्याचं सगळं मी करते, कॅथेटरसकट. तेव्हापासून ठरवलंय, मज्जारज्जूच्या दुरुस्तीवरच पीएचडी करायची. आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, "आमची पोरगी दादाला उभं करणार." एका क्लिनिकने बाबांना स्टेम सेलचे सहा लाख सांगितलेत, ते अर्धा एकर काढायच्या विचारात आहेत. माझे प्रश्न असे: हे संशोधन भारतात होतं की बाहेरच जावं लागेल? त्यात किती वर्षं जातील? दादाला त्याचा उपयोग होईल का? आणि आमचे एक सर म्हणाले, मुलाखतीत भावाचं सांगू नकोस, रडगाणं वाटतं. खरं आहे का? (कृपया नाव छापू नये.)

उत्तर:

तुझ्या चार प्रश्नांआधी, तू न विचारलेल्या पाचव्याचं उत्तर देते. बाबांना म्हणावं, जमीन विकू नका. निदान या कारणासाठी तरी नाही.

आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत. रक्ताच्या वगैरे ठराविक आजारांसाठी होणारं रक्तपेशी तयार करणाऱ्या मूळपेशींचं प्रत्यारोपण सोडलं, तर स्टेम सेलचा कुठलाही प्रकार आपल्याकडे नेहमीचा उपचार म्हणून मान्य नाही. मज्जारज्जूच्या इजेसाठी तो फक्त मंजूर क्लिनिकल ट्रायलमध्येच देता येतो. ट्रायल असेल तर सीटीआरआय या सरकारी नोंदणीत तिचा क्रमांक असतो, आणि भाग घेणाऱ्याकडून त्या पेशींचे पैसे घ्यायचे नसतात. तेव्हा क्लिनिकला फोन कर आणि विचार: नोंदणी क्रमांक काय? ट्रायल असेल तर सहा लाख कशाचे? पहिल्याच प्रश्नाला "आमच्याकडे कितीतरी पेशंट बरे झालेत" असं उत्तर आलं, तर दुसरा विचारायची तसदी घेऊ नकोस.

"करून बघायला काय हरकत आहे?" असं कुणी ना कुणी म्हणेलच. हरकत असते. नाकातल्या अस्तराच्या पेशी मज्जारज्जूत बसवून घेतलेल्या एका तरुणीला आठ वर्षांनी पाठीत दुखायला लागलं. शस्त्रक्रिया केली तेव्हा त्या जागी गाठ सापडली, आणि त्या गाठीत नाकातल्यासारखा चिकट स्राव तयार होत होता. हा अहवाल २०१४ साली वैद्यकीय नियतकालिकात आला. तिने त्या पेशी एका रुग्णालयातच बसवून घेतल्या होत्या, कुण्या भोंदूकडे नाही.

आता तुझे प्रश्न. तिसऱ्यापासून सुरू करते, कारण बाकीचे त्याच्यावर टेकलेले आहेत. तुझ्या पीएचडीचा दादाला उपयोग होईल असं धरून चालू नकोस. कडू वाटेल. पण हे आता मान्य केलंस तर काम करशील. चौथ्या वर्षी, प्रयोग फसलेला असताना कळलं तर कोलमडशील.

या विषयात काळ किती जातो ते बघ. काहाल या स्पॅनिश शास्त्रज्ञाने १९१३-१४ मध्ये लिहून ठेवलं की मोठ्या झालेल्या मेंदूत आणि मज्जारज्जूत मज्जातंतू एकदा तुटले की पुन्हा वाढत नाहीत. नोबेल मिळालेल्या माणसाचं वाक्य, सगळ्यांनी शिरसावंद्य मानलं. गंमत अशी की त्याचाच शिष्य तेयो याने १९११ मध्ये सशाच्या मेंदूत पायाकडच्या नसेचा तुकडा बसवून मेंदूतले तंतू त्यात शिरताना पाहिले होते. म्हणजे तंतूत वाढायची धमक आहे, भोवतालची जागा त्यांना आडवते. हे निरीक्षण जवळजवळ सत्तर वर्षं पडून राहिलं, कारण ते तंतू नेमके कुठून आले हे दाखवायची रीतच नव्हती. १९८१ साली मॉन्ट्रियलमध्ये सॅम्युएल डेव्हिड आणि अल्बर्ट अग्वायो यांनी रॅटच्या मेंदूचा खालचा भाग आणि मज्जारज्जू यांच्यामध्ये नसेचा पूल टाकला आणि त्यातून तंतू सुमारे तीन सेंटिमीटर वाढलेले दाखवले. या वेळी ते कुठून निघाले तेही रंगद्रव्याने पाठलाग करून सिद्ध केलं. रॅटच्या मानाने तीन सेंटिमीटर म्हणजे खूपच झालं. पण तंतू पुलाच्या दुसऱ्या टोकाशी, पुन्हा मज्जारज्जूत शिरायची वेळ आली की, थोड्याच अंतरात थांबत. ते तिथे का थांबतात या प्रश्नावर पुढे कितीतरी जणांच्या कारकिर्दी उभ्या राहिल्या.

त्यातली एक झुरिकच्या मार्टिन श्वाब यांची. १९८८ मध्ये त्यांनी आणि पिको कारोनी यांनी दाखवलं की मज्जारज्जूतल्या मायलिनमध्ये, म्हणजे तंतूंवरच्या वेष्टनात, वाढ रोखणारी प्रथिनं असतात. १९९० मध्ये त्याविरुद्धची अँटिबॉडी दिलेल्या रॅटमध्ये काही तंतू इजेच्या पलीकडे गेलेले दिसले. त्या प्रथिनाचं जनुक हाती लागायला २००० साल उजाडलं; नाव ठेवलं नोगो. मग माणसांसाठी अँटिबॉडी, मग सुरक्षिततेची चाचणी, मग युरोपभरच्या रुग्णालयांत मोठी चाचणी. तिचा निकाल २०२४ च्या अखेरीस आला. मुख्य निकष होता हातांची ताकद, आणि त्यावर औषध आणि प्लासेबो, म्हणजे औषध नसलेलं दिखाऊ इंजेक्शन, यांच्यात ठोस फरक निघाला नाही. ज्यांची इजा अपूर्ण होती त्यांच्यात काही आशादायक खुणा दिसल्या, एवढंच. १९८८ ते २०२४. आणि श्वाब या क्षेत्रातल्या यशस्वी माणसांत मोजले जातात, बरं का. अपयशी कोण ते आपल्याला ठाऊकही नसतं.

शिवाय ती चाचणी मानेची ताजी इजा झालेल्यांसाठी होती, पहिल्या चार आठवड्यांतल्या. दादाची इजा तीन वर्षांची आहे. जुन्या इजेत व्रण घट्ट झालेला असतो, मध्ये पोकळी पडलेली असते, आणि तशा इजेवर काम करणाऱ्या प्रयोगशाळा ताज्या इजेवर काम करणाऱ्यांपेक्षा कितीतरी कमी. कारणही व्यवहारी आहे: रॅटला इजा करून तीन महिने सांभाळायचं आणि मग प्रयोग सुरू करायचा, इतका खर्च आणि इतका वेळ पीएचडीच्या विद्यार्थ्याला परवडत नाही.

मग करू नको का? कर. पण काय करणार आहेस ते आधी जवळून बघ.

रॅटवर काम करायचं ठरवलंस तर पहिली गोष्ट शिकशील ती मूत्राशय रिकामं करण्याची. मज्जारज्जूची इजा केलेल्या रॅटला स्वतःहून लघवी होत नाही. दिवसातून दोन-तीनदा ती हाताने काढावी लागते. एका हाताने त्याला टॉवेलवर धरायचं, दुसऱ्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं पोटाच्या खालच्या भागावर न्यायची आणि चाचपायचं. भरलेलं मूत्राशय बोटांना तासगावच्या द्राक्षासारखं लागतं, तणलेलं आणि निसटतं. मग सावकाश, मागच्या बाजूला दाब. जास्त दिलास तर फुटतं. कमी दिलास तर लघवी साठते, संसर्ग होतो, रॅट दगावतो आणि तुझ्या तक्त्यातली एक ओळ कोरी राहते. लघवी लालसर आली तर वहीत नोंद आणि पशुवैद्यांना फोन. एक-दोन आठवड्यांत रॅटचं मूत्राशय आपोआप रिकामं होऊ लागतं. माउसचं, म्हणजे लहान उंदराचं, बहुधा होत नाही, त्याचं शेवटपर्यंत करावं लागतं. गणपती असो, लक्ष्मीपूजन असो, हे काम चुकत नाही. मित्रमैत्रिणींशी आळीपाळीने वाटून घेतलंस तरच सुट्टी.

हे तपशिलात का सांगितलं ते तुझ्या लक्षात आलं असेल. घरी दादाचं करून पुण्याला परत आलीस आणि इथेही तेच, दहा-बारा पिंजऱ्यांत. काहींना ते झेपतं, उलट हात त्यात बसलेले असल्यामुळे ते इतरांपेक्षा चांगलं करतात. काहींना सहा महिन्यांत रात्री झोप लागेनाशी होते. यातलं तू कोण हे मला इथून सांगता येणार नाही. पण पीएचडीला नाव नोंदवण्याआधी एखाद्या प्राणी प्रयोगशाळेत उन्हाळ्यात दोन महिने काढ. नाही जमलं तर त्यात कमीपणा नाही. या विषयातलं उत्तम काम कृमींवर, झेब्राफिशवर आणि काचेच्या बशीतल्या पेशींवरही होतं. झेब्राफिशचा मज्जारज्जू आरपार कापला तरी तो सहा-आठ आठवड्यांत पुन्हा पोहायला लागतो. तो ते कसं जमवतो, हा दुरुस्तीचाच प्रश्न आहे.

दुसरी अडचण जास्त खोल आहे आणि ती खास तुझी आहे. ऑपरेशननंतर रॅट किती चालतो ते मोजायला ओहायोच्या बासो, बीटी आणि ब्रेस्नहान यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेली मोजपट्टी वापरतात, शून्य ते एकवीस गुणांची. रॅटला मोकळ्या गोल हौदात सोडायचं, चार मिनिटं, दोन निरीक्षक दोन बाजूंना बसून बघतात: घोटा हलला का, गुडघा हलला का, पंजा जमिनीवर टेकला का, अंगाचं वजन पेललं का. घोटा "किंचित" हलला की "बऱ्यापैकी", हे शेवटी डोळ्यांनीच ठरतं. आणि तुझे डोळे, पोरी, तीन वर्षं दादाच्या पायाच्या अंगठ्याकडे लागलेले आहेत. औषध दिलेल्या रॅटचा पंजा तुला टेकलेला दिसणारच. यात तुझा अप्रामाणिकपणा नाही, माणसाचे डोळे असेच असतात. म्हणून कुठल्या रॅटला औषध आणि कुठल्याला नुसतं सलाईन, हे मोजणाऱ्याला माहीत नसलं पाहिजे. गाईड "एवढं कशाला, वेळ जातो" म्हणाले तरी तू हट्ट धर. इतरांनी जेवढा धरावा त्याच्या दुप्पट धर.

हा हट्ट फुकाचा नाही. इजा केली तरी काही तंतू शाबूत राहतात, आणि ते सूक्ष्मदर्शकाखाली नव्याने वाढलेल्या तंतूंसारखेच दिसतात. कितीतरी "पुनर्निर्मिती" अशी निघाली की ते तंतू मुळात तुटलेलेच नव्हते. २००३ मध्ये ऑस्वल्ड स्टीवर्ड आणि सहकाऱ्यांनी खरं काय आणि खोटं काय ते ओळखायचे निकष लिहून काढले. ते तुला तोंडपाठ असायला हवेत. त्याच सुमारास अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेने गाजलेले प्रयोग दुसऱ्या प्रयोगशाळांकडून जसेच्या तसे पुन्हा करवून घ्यायला सुरुवात केली. २०१२ मध्ये सगळ्याचा हिशोब मांडला तेव्हा बहुतेक प्रयोगांचा निकाल पुन्हा मिळाला नव्हता. मूळ पेपर मोठमोठ्या नियतकालिकांतले होते. मला विचारशील तर या क्षेत्राचं गेल्या पंचवीस वर्षांतलं सगळ्यात उपकारक काम हे, आणि ते करणाऱ्यांची नावं वर्तमानपत्रात कधी आली नाहीत. तुझ्या पीएचडीतून "हे औषध चालत नाही" एवढंच पण पक्कं निघालं, तर उद्या कुणाच्या तरी बाबांचा अर्धा एकर वाचेल.

आता पहिला प्रश्न, भारत की बाहेर. पीएचडी भारतात होते, आणि चांगली होते. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात अनिंद्य घोष-रॉय यांचा गट मिलिमीटरभर लांबीच्या कृमीत लेसरने एकेक तंतू कापून तो परत कसा जुळतो ते बघतो. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेण्वीय जीवशास्त्राच्या केंद्रात ईश्वरीया वेंकटेश यांची प्रयोगशाळा याच प्रश्नाच्या जनुकीय बाजूवर आहे: लहानपणी तंतू वाढवणारी जी यंत्रणा असते ती मोठेपणी बंद का पडते आणि पुन्हा चालू करता येईल का. तुझ्या पुण्यातच, आयसरमध्ये, ऑर्नब घोष तंतूच्या वाढत्या टोकावर काम करतात. मुंबईत टीआयएफआर या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत संध्या कौशिका तंतूतून मालाची ने-आण कशी होते त्यावर. यातल्या काहींच्या वेबपानावर "मज्जारज्जू" हा शब्द शोधून सापडणार नाही. म्हणून ती पानं ओलांडून पुढे जाऊ नकोस. पीएचडीत विषयाच्या नावापेक्षा प्रश्न विचारायची शिस्त कमवायची असते, ती पुढे मज्जारज्जूला लावता येते. उलटं सहसा होत नाही.

प्रवेशाचे रस्ते तुला माहीत असतीलच: सीएसआयआर-नेट, जैवतंत्रज्ञान विभागाची बीईटी, आणि टीआयएफआर-एनसीबीएसकडची जेजीईईबीआयएलएस, या परीक्षा. एकावर विसंबू नकोस, सगळ्या दे. फेलोशिप २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि नंतर ४२,००० रुपये आहे, घरभाडं वेगळं. कागदावर बरी आहे. प्रत्यक्षात ती महिन्याच्या महिन्याला येईलच असं नाही, हे कुठल्याही संशोधक विद्यार्थ्याला विचार. तेव्हा घरचा मासिक खर्च तुझ्या फेलोशिपवर टाकायचा बेत असेल तर हातात चार महिन्यांची गंगाजळी ठेव.

किती वर्षं? पीएचडी पाच ते सहा. त्यानंतर पोस्टडॉक, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या प्रयोगशाळेतलं पीएचडीनंतरचं संशोधन, आणि ती बहुधा बाहेर. मज्जारज्जूच्या इजेवर प्राण्यांपासून रुग्णांपर्यंतची सगळी साखळी एका आवारात बघायला मिळते अशा जागा थोड्या आहेत: मायामी, झुरिक, लोझान, लंडन, केंब्रिज. तिथे चार-पाच वर्षं धर. म्हणजे स्वतःची प्रयोगशाळा मिळालीच तर पस्तिशीत. परत येणाऱ्यांसाठी रामलिंगस्वामी फेलोशिप आहे, इंडिया अलायन्स या संस्थेच्या फेलोशिप आहेत. पण जागा कमी आणि अर्ज फार. शिवाय आपल्याकडच्या बऱ्याच जाहिरातींत वयाची अट असते, तेव्हा तिसरी पोस्टडॉक सुरू करण्याआधी ती अट वाचलेली बरी. हे सगळं जमून न आलेले अनेक जण वैद्यकीय उपकरणांच्या कंपन्यांत, क्लिनिकल ट्रायलच्या कामात, औषधांच्या नियमनात चांगले रुजलेले मी पाहिले आहेत. त्यांना "सोडून गेलेले" म्हणायची शास्त्रज्ञांना खोड आहे. तिकडे लक्ष देऊ नकोस.

एक बाजू मात्र तुला आत्ताच सांगून ठेवते. लोझानला ग्रेगुआर कुर्तीन यांचा गट इजेच्या खालच्या, शाबूत असलेल्या मज्जारज्जूला विजेच्या स्पंदांनी चेतवतो. २०१८ मध्ये त्यांनी काही रुग्णांना त्या आधारावर चालवून दाखवलं, आणि २०२३ मध्ये एका डच गृहस्थाच्या मेंदूतले संकेत वाचून थेट खालच्या चेतकाला जोडले. ही तुटलेल्या तंतूंची दुरुस्ती नव्हे, आणि त्या डच गृहस्थाची इजाही अपूर्ण होती. पण रुग्णापर्यंत लवकर पोहोचणारं काम तुला हवं असेल तर ते या बाजूला आहे, आणि त्यासाठी रेण्वीय जीवशास्त्रापेक्षा सिग्नल प्रोसेसिंग जास्त लागतं. गणिताची भीती नसेल तर विचार कर.

राहिला चौथा प्रश्न, तुझ्या सरांचा. त्यांचं अर्धं बरोबर आहे. पाच मिनिटं भावाबद्दल बोलून रडलीस तर समोरचे पाणी देतील आणि नंतर कमी गुण देतील. पण लपवायचं कशाला? या विषयातला कितीतरी पैसा तुझ्यासारख्याच घरांतून आलेला आहे. मायामी प्रोजेक्ट १९८५ मध्ये उभा राहिला तो अमेरिकन फुटबॉल खेळताना मान मोडलेल्या एका मुलाच्या वडिलांच्या, निक ब्युओनिकाँटी यांच्या पुढाकाराने. ऑस्ट्रियातली विंग्ज फॉर लाइफ ही संस्था मोटोक्रॉसपटू हाइन्झ किनिगाडनर यांच्या मुलाच्या अपघातानंतर निघाली. क्रेग नीलसन स्वतः जायबंदी होते. त्यांच्या नावाचं प्रतिष्ठान अमेरिका-कॅनडात पोस्टडॉकच्या फेलोशिप देतं, नाव टिपून ठेव. मुलाखतीत एका वाक्यात सांग: "माझ्या भावाला ही इजा आहे, म्हणून मी या विषयाकडे वळले." आणि लगेच दुसरं वाक्य प्रश्नाचं. "पूल ओलांडल्यावर तंतू का थांबतात" असा एखादा, तुला खरोखर छळणारा. दुसरं वाक्य नसेल तर पहिलंही सांगू नकोस.

आणि आता माझा तुला प्रश्न. आई काय म्हणते, बाबा काय म्हणतात, सर काय म्हणाले, हे सगळं तुझ्या पत्रात आहे. दादा काय म्हणतो, याचं एक वाक्य नाही.

किम अँडरसन नावाच्या एक शास्त्रज्ञ आहेत. किशोरवयात मोटारीच्या अपघातात त्यांची मान मोडली, नंतर त्यांनी मज्जासंस्थेच्या विषयात पीएचडी केली. २००४ मध्ये त्यांनी एक साधी गोष्ट केली: मज्जारज्जूची इजा असलेल्या ६८१ जणांना विचारलं, काय परत मिळालं तर तुमचं जगणं सगळ्यात जास्त सुधारेल? ज्यांचे हातही गेले होते त्यांनी हात मागितले. ज्यांचे फक्त पाय गेले होते, म्हणजे दादासारखे, त्यांच्यात लैंगिक क्षमता पहिली आली. लघवी-संडासवरचा ताबा दोन्ही गटांत बराच वर होता. चालणं कुठल्याच गटात पहिलं नव्हतं. तोवर प्रयोगशाळांतली निम्मीअधिक बुद्धी रॅटचे पाय मोजण्यात खर्च होत होती. त्यानंतर मूत्राशयावरच्या संशोधनाकडे लोक जास्त गांभीर्याने बघू लागले.

तेव्हा पुढच्या सुट्टीत दादाला विचार. बहीण म्हणून विचारायला काही गोष्टी अवघड जातील, त्या तो सांगणारही नाही. त्यासाठी मुंबईत हाजीअलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, तिथे त्याला एकदा घेऊन जा. जमीन न विकता होणारं काम आहे ते. तीन वर्षांत त्याची मूत्रपिंडाची सोनोग्राफी झाली नसेल तर ती करून घ्या. कायमच्या कॅथेटरऐवजी दिवसातून चार-पाच वेळा स्वतःच नळी घालून काढायची पद्धत त्याला जमेल का, हे तिथल्या डॉक्टरांना विचारा. डी-१० म्हणजे हात पूर्ण चांगले आहेत, त्याला ते शिकता येईल आणि तुझ्या सुट्टीची वाट बघावी लागणार नाही. खुर्चीत बसलेला असताना दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर अंग उचलतो का तेवढं बघ. जखम झाली की महिने जातात. आणि कृपा करून त्याला मुरलीकांत पेटकरांचं उदाहरण देऊ नका. पेटकर तुमच्याच जिल्ह्यातले, १९६५ च्या युद्धात मणक्याजवळ गोळी लागलेले, १९७२ मध्ये हायडेलबर्गला पॅरालिम्पिकचं सुवर्णपदक आणणारे, माणूस फार मोठा. पण येणारा प्रत्येक पाहुणा ते सांगून गेलेला असणार.

आईला काय सांगायचं हेही ठरव, आणि प्रवेश मिळायच्या आत सांग. "मी दादाला उभं करणार नाही, मी तंतू का थांबतात ते शोधणार आहे" हे स्वयंपाकघरात उभं राहून म्हणणं कुठल्याही मुलाखतीपेक्षा अवघड जाईल. ती रडेल, बाबा गप्प बसतील. पण ते वाक्य घरात बोललं गेलं नाही तर प्रत्येक फोनवर "झालं का काही?" हा प्रश्न येत राहील, आणि तू हौदाशेजारी बसून रॅटचा घोटा "किंचित" हलला की "बऱ्यापैकी" हे ठरवत असशील तेव्हा तो प्रश्न तुझ्या कानात असेल.

उन्हाळ्यातल्या दोन महिन्यांसाठी प्रयोगशाळांना आत्ताच ईमेल टाक. "रिस्पेक्टेड सर, आय ॲम व्हेरी पॅशनेट" अशी सुरुवात केलीस तर कुणी पुढे वाचत नाही. त्यांचा एक पेपर नीट वाच, त्यातली एक आकृती घे आणि तुला न समजलेली एक गोष्ट दोन ओळींत विचार. दहा जणांना पाठव, प्रत्येकाला वेगळं. दोघांचं उत्तर आलं तरी पुरे.